अल्क्योनीची पाठ

१

लिनार्दोसच्या कामाची सुरुवात सुईने व्हायची. पितळेची एक चौकट, तिला तीन टोकं. ती टोकं प्लास्टरच्या पुतळ्यात ठोकलेल्या तीन खिळ्यांवर बसवायची. मग चौकटीतली लांब सुई हळूहळू पुढे सरकवायची आणि ती प्लास्टरला टेकली की स्क्रू आवळायचा. त्यानंतर अख्खी चौकट उचलून शेजारच्या संगमरवरावर तशाच तीन खिळ्यांवर बसवायची. सुई अडली तर दगड अजून जास्त आहे, काढा. सुई पुरती आत गेली तर थांबा, तिथे पेन्सिलीने फुली मारा आणि पुढच्या खुणेकडे वळा. अशा सहाशे-सातशे फुल्या झाल्या की दगडातून माणूस बाहेर येतो. आमच्या बेटावरच्या पिर्गोस गावातल्या प्रत्येक कारखान्यात एकच म्हण चालायची: हात चुकतो, डोळा चुकतो, सुई चुकत नाही.

त्या हिवाळ्यात लिनार्दोस उतरवत असलेला पुतळा गावच्या धक्क्यासाठी होता. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात ‘एव्हान्थिया’ नावाची बोट सात माणसांसकट बुडाली आणि त्यांतला एकही परत मिळाला नाही, जिवंत नाही नि मेलेलाही नाही. आमच्याकडे माणूस पुरला की तीन वर्षांनी त्याची हाडं वर काढतात, वाइनने धुतात, पेटीत ठेवतात. मग घरातल्या बायका एकदाच्या मोकळ्या होतात. ह्या सात जणांच्या बायकांपाशी धुवायला हाडंच नव्हती. म्हणून गावाने ठरवलं की धक्क्याच्या टोकाला अल्क्योनी उभी करायची.

अल्क्योनी वाऱ्याच्या राजाची मुलगी. तिचा नवरा समुद्रात बुडाला, त्याचं प्रेत लाटांवरून येताना तिने खडकावरून पाहिलं, आणि पाहता पाहता ती खंड्या पक्षी झाली. पण पुतळ्याला पंख दाखवायचे नाहीत, असं पापा-स्तमातिस ह्या आमच्या पाद्रीबाबाने बजावलं होतं. ‘लोक देवदूत समजतील,’ तो म्हणाला, ‘आणि देवदूत बाई नसतो.’ म्हणून पुतळा त्याच्या आधीच्या क्षणाचा ठरला. बाई खडकावर पुढे वाकलेली, हात मागे ताणलेले, चेहरा खाली. जे काही घडायचं ते सगळं तिच्या पाठीत.

आता खरं सांगायचं तर लिनार्दोस नकलाकार होता. बेचाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे पुतळे दगडात उतरवले होते, आणि ते काम त्याच्यासारखं बेटावर कुणी करत नसे. पण मातीचा गोळा हातात दिला तर त्याच्याकडून बटाटा व्हायचा. तेव्हा त्याने एक पळवाट काढली. आपल्या मुलीला, फ्रोसोला, त्या पवित्र्यात वाकवून उभं केलं आणि तिच्या अंगावरूनच प्लास्टरचा साचा काढला. फ्रोसोचा नवरा याकुमीस त्या सातांपैकी एक होता. जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढू नये, असं लिनार्दोसचा उस्ताद नेहमी सांगायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, हाताला आळस लागतो. दुसरं काही कारण असलंच तर ते तो स्वतःबरोबर थडग्यात घेऊन गेला.

नाताळ होऊन चार दिवस झाले होते. लिनार्दोस डाव्या फऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर, काम करत होता. आदल्या दिवशी तिथे मारलेली फुली दिसत होती, म्हणजे ती खूण संपली होती. हाताच्या सवयीने त्याने तिथे पुन्हा सुई लावली.

सुई अडली. नखाच्या जाडीएवढीच, पण अडली.

२

त्याने चष्मा पुसला. चौकट काढून पुन्हा बसवली. थंडीत पितळ आकसतं आणि दमट हवेत प्लास्टर फुगतं, हे त्याला ठाऊक होतं. पण मग सगळ्याच खुणा चुकायला हव्या होत्या. त्याने मानेवर पाहिलं, कमरेवर पाहिलं, उजव्या कोपरावर पाहिलं. सगळीकडे सुई मुकाट्याने आत गेली. फक्त डाव्या फऱ्यावरचा दगड कालच्यापेक्षा वर होता.

‘म्हातारा झालास, लिनार्दा,’ तो स्वतःला म्हणाला. काल घाईत फुली मारली असेल. त्याने कानस घेतली, तेवढा दगड उतरवला, सुई लावून खात्री केली आणि नवी फुली मारली.

संध्याकाळी घरी आला तेव्हा फ्रोसो टेबलाशी बसली होती. ती नेहमी खुर्चीत तिरकी बसायची, पाठ कशालाच टेकवायची नाही. बोट बुडाल्याची बातमी आली त्या दिवसापासून तिची पाठ धरली होती. डॉक्टरला काही सापडलं नाही. लिनार्दोसची बहीण आनेझो दर आठवड्याला येऊन तिच्या पाठीला तेल आणि राकीची दारू चोळायची आणि जाताना म्हणायची, ‘पोरीच्या पाठीत गाठोडं बांधलंय कुणीतरी.’ फ्रोसो तीस वर्षांची होती. दोन वर्षांत ती एकदाही रडली नव्हती. सगळं गाव तिच्या धीराचं कौतुक करायचं आणि लिनार्दोसला ते कौतुक ऐकवत नसे.

त्या संध्याकाळी तिने आपणहून ताट पुढे ओढलं.

‘आज पाठ मोकळी वाटली बाबा,’ ती म्हणाली. ‘दुपारी एकदम उतरलं सगळं.’

‘आनेझो आली होती का?’

‘नाही. आपलं आपणच.’

तिने दोन वाडगे मसूर खाल्ले. लिनार्दोस तिच्याकडे बघत राहिला आणि त्याला इतका आनंद झाला की फऱ्याची गोष्ट तो विसरूनच गेला.

३

दुसऱ्या दिवशी सुई पुन्हा अडली. तिसऱ्या दिवशी डावीकडे अडली आणि उजवीकडेही. लिनार्दोस रोज सकाळी दगड उतरवायचा, रोज नवी फुली मारायचा, आणि रोज संध्याकाळी घरी फ्रोसो शांत असायची. पाचव्या दिवशी मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकली आणि त्याने शेजारच्या कारखान्यातून झानिसला हाक मारली.

झानिस त्याचा लहानपणापासूनचा सोबती. दोघांनी एकाच उस्तादाच्या चपराका खाल्ल्या होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मिशीतल्या मिशीत हसला.

‘दगड वाढत नसतो रे, म्हातारपण वाढतं. डोळे तपासून घे.’

‘मग तू बघ ना. तुझे डोळे तर गरुडाचे.’

‘गरुडाचे नसतील, पण तुझ्यासारखे घुबडाचेही नाहीत.’

झानिसने स्वतःची चौकट आणली. त्याने माप घेतलं, लिनार्दोसने दगड उतरवला, झानिसने सुई लावून पाहिली आणि फुलीशेजारी आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं. मग दोघांनी मिळून कारखान्याला कुलूप घातलं आणि किल्ली झानिस घेऊन गेला.

सकाळी उजाडताच दोघं आत गेले. अक्षर जागच्या जागी होतं. झानिसने सुई लावली. ती अडली. त्याने दुसऱ्यांदा लावली. त्याने दगडावर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

‘काय झालं?’ लिनार्दोसने विचारलं.

‘काही नाही. गार आहे.’

‘दगड गारच असतो.’

‘हो ना,’ झानिस म्हणाला. त्याने आपली चौकट कापडात गुंडाळली, टोपी डोक्यावर घातली. ‘हे बघ, मी काही पाहिलं नाही. आणि तूही पाहिलं नाहीस. पुतळा लवकर संपव आणि धक्क्यावर नेऊन ठेव. तिथे वाढायचा तेवढा वाढू दे.’

दारातून बाहेर पडताना तो आपला उजवा तळहात पाटलोणीला पुसत होता.

४

सहा जानेवारीला पापा-स्तमातिस समुद्राला आशीर्वाद देतो, क्रूस पाण्यात टाकतो आणि जवान पोरं तो काढायला उड्या मारतात. दुसऱ्या दिवशी संत योहानाचा सण. ह्या दोन दिवसांत गावात कुणी छिन्नीला हात लावत नाही. लावला तर वर्षभर दगड तडकतो, अशी समजूत आहे.

पहिल्या दिवशी सगळं गाव धक्क्यावर गेलं. फ्रोसो गेली नाही. लिनार्दोस परतला तेव्हा ती खोलीत उभी होती आणि भिंतीला दोन्ही हात लावून श्वास घेत होती. कपाळ तापलं होतं. पण डोळ्यांत काहीतरी होतं, जे त्याने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

‘याकुमीसला पोहता येत नव्हतं,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला माहीत होतं का बाबा? बोटीवर बारा वर्षं काढली आणि पोहता येत नव्हतं. मी त्याला चिडवायची.’

तिने नवऱ्याचं नाव घेतलं होतं.

‘पड जरा. मी आनेझोला बोलावतो.’

‘नको. दुखू दे. दोन वर्षं मला काहीच दुखत नव्हतं, नुसतं आखडलं होतं. आता दुखतंय. सकाळपासून मला त्याचा आवाज आठवतोय. आवाजच विसरले होते मी.’

दुसऱ्या दिवशी ती कण्हत होती. उशीत तोंड घालून पालथी पडली होती आणि पाठीवरून चादर घ्यायला तयार नव्हती. मध्येच हसायची, मध्येच याकुमीसशी भांडायची. एकदा तिने बापाकडे पाहिलं, आणि ती नजर फार लांबून आली. बायको गेली तेव्हा तिच्या डोळ्यांत शेवटी असंच काहीसं होतं. ही पण जाणार, त्याला वाटलं. ही पण माझ्या हातून जाणार.

तो उठला, कोट चढवला आणि भर सणाच्या दुपारी कारखान्यात गेला. दोन दिवसांत पाठ बोटाच्या पेराएवढी वर आली होती. त्याने सुई लावली नाही, फुल्या बघितल्या नाहीत. डोळे मिटून कानस चालवली. हात भरून आले तरी चालवली. शेवटी सुईने मापून प्लास्टरबरहुकूम केली तेव्हाच थांबला.

घरी आला तेव्हा फ्रोसो भांडी घासत होती.

‘बरं वाटतंय का?’

‘हो बाबा.’

‘याकुमीसबद्दल काय सांगत होतीस?’

‘कधी?’ ती म्हणाली. तिने वाडगा पुसून फळीवर ठेवला. ‘जेवायला वाढू का?’

लिनार्दोस टेबलाशी बसला. त्याला त्याची मुलगी परत मिळाली होती, शहाणी, शांत, ताटात काय हवं ते विचारणारी. घास गिळताना त्याला स्वतःची लाज वाटली.

५

संत योहानाच्या सणानंतर वारा पडला. आमच्या बेटावर वारा पडणं ही सोपी गोष्ट नव्हे. इथे माणसं वाऱ्याला खांदा देऊनच चालायला शिकतात. पण भर हिवाळ्यात काही दिवस असे येतात की समुद्र तेलासारखा होतो आणि ऊन अंगणात येऊन बसतं. ह्या दिवसांना अल्क्योनीचे दिवस म्हणतात.

वारा पडला आणि आवाज ऐकू यायला लागले. लिनार्दोस सकाळी कारखान्याचं कुलूप काढत होता तेव्हा आत कुणीतरी ओली चादर झटकावी तसा आवाज झाला. एकदाच. त्याने दार उघडलं. ऊन थेट पुतळ्याच्या पाठीवर पडलं होतं. आत हलण्यासारखं काही नव्हतं, पण जमिनीवरची संगमरवराची भुकटी पुतळ्यापासून चारी बाजूंना सरकली होती आणि मधली फरशी स्वच्छ दिसत होती.

‘उंदीर,’ तो मोठ्याने म्हणाला. मग त्याला स्वतःचंच हसू आलं, कारण इतकं झाडणारा उंदीर असता तर त्याने तो पाळला असता.

त्याने कानस उचलली आणि पहिला हात मारला. निघालेली भुकटी खाली पडली नाही. ती हवेत तरंगली, उन्हात वळली आणि फार सावकाश, आपल्या मर्जीने उतरली. लिनार्दोसने भिंग घेऊन दगड पाहिला. संगमरवर साखरेच्या खड्यासारखा दाणेदार असतो. इथे दाणा नव्हता. बारीक रेघा होत्या, एकीशेजारी एक, सगळ्या एकाच दिशेला कलत्या.

त्याने भिंग खाली ठेवलं आणि खुर्चीत बसला. तो फार विचार करणारा माणूस नव्हता, पण हिशेब इतका सरळ होता की टाळता येईना. मी उतरवतो तेव्हा तिची पाठ उतरते. मी थांबतो तेव्हा तिला दुखतं, आणि दुखतं तेव्हाच ती बोलते. मग हे रोज सकाळी मी कुणाला तासतोय?

उत्तर आलं तसं त्याने ते झटकलं, आणि पुन्हा कानस उचलली. बाप होता तो. दुसरं काय करणार?

६

‘थांबा बाबा.’

फ्रोसो दारात उभी होती. साचा काढल्या दिवसापासून तिने कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. धक्क्यापासून चढण चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती आणि एक हात तिने मागे, पाठीवर दाबून धरला होता.

‘मी दळण आणायला गेले होते,’ ती म्हणाली. ‘वाटेत एकदम मोकळं वाटायला लागलं. जिथे होते तिथे थांबले. थोड्या वेळाने पुन्हा. तुमच्या हाताची लय मला लहानपणापासून माहीत आहे. तीन हात, मग फुंकर. तीन हात, मग फुंकर.’

लिनार्दोसने कानस पाठीमागे लपवली. पासष्टीच्या माणसाने ते करणं बरं दिसत नव्हतं.

‘तुला बरं वाटावं म्हणून,’ तो म्हणाला.

‘ते कळतं मला. पण बरं वाटणं म्हणजे नुसतं काही न वाटणं. वाटेत पाठ पुन्हा दुखली तेव्हा आठवलं, सणाच्या दिवशी मी याकुमीसशी भांडत होते. तोंडभरून. मग तुम्ही आलात इथे, आणि सगळं पुसून गेलं. मी पाटीसारखी कोरी होऊन भांडी घासत होते.’

‘तू तापाने फणफणली होतीस. तुझे डोळे... मी असे डोळे एकदा पाहिलेत. पुन्हा बघणार नाही.’

‘मी मरत नाहीये बाबा.’

‘मग काय होतंय तुला?’

‘माहीत नाही,’ फ्रोसो म्हणाली. तिने पुतळ्याकडे पाहिलं, म्हणजे स्वतःच्या वाकलेल्या पाठीकडे. ‘साचा काढताना प्लास्टर गरम होत गेलं होतं, आठवतं? तेव्हाच आत काहीतरी सुटलं. ते अर्ध्यावर अडकलंय. मला पुढे जायचंय. पुढे काय आहे ते मलाही दिसत नाही, आणि मलाही भीती वाटते. पण इथे अर्ध्यावर नाही राहायचं.’

लिनार्दोसने पुतळ्यावरची भुकटी हाताने झटकली.

‘ह्या गोष्टीत ती बाई उडून जाते,’ तो म्हणाला. ‘सगळे तिचंच सांगतात. तिचा नवरा, तिचा खडक, तिचे पंख. तिच्या बापाचं काय होतं, ते कुणी सांगत नाही.’

‘सांगतात की. आईच सांगायची. तिला घरटं करायचं असतं, आणि लाटा ते वाहून नेतात. मग तिचा बाप तेवढे दिवस सगळे वारे कोंडून धरतो. दाराला पाठ लावून बसतो.’

‘बस्स? तेवढंच?’

‘तेवढं तरी कोण करतं?’ फ्रोसो म्हणाली.

त्याने कानस तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही, बाकावर ठेवायला सांगितली. मग त्याने सुईची चौकट स्क्रू काढून सुटी केली, तिचे तुकडे खोक्यात घातले आणि जाताना ते खोकं झानिसच्या दारात ठेवलं.

७

फ्रोसोने खोलीचं दार लावून घेतलं आणि लिनार्दोस बाहेर खुर्ची टाकून बसला. पहिला दिवस आणि दुसऱ्याचा बराचसा भाग ती रडली. दोन वर्षांचं साठलेलं रडणं होतं ते. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थांबून क्रूसाची खूण करायच्या. काहींनी सूप आणलं, एकीने मठातलं तेल आणलं. लिनार्दोसने सगळं ठेवून घेतलं आणि कुणालाही आत सोडलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी रडणं थांबलं. त्यानंतर जे ऐकू आलं ते रडणं नव्हतं. ते काय होतं हे लिनार्दोसने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी आनेझो कंबरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

‘दार उघड लिनार्दा.’

‘पोर झोपली आहे.’

‘तीन दिवस? मला शिकवू नकोस. मी शहरातल्या डॉक्टरला बोलावते.’

‘बोलाव. तोही इथेच बसेल, माझ्या शेजारी. दुसरी खुर्ची आण येताना.’

‘गाढवा, आत पोरगी मरून पडली तर?’

त्याच्या मनात तीन दिवस हेच एक वाक्य फिरत होतं, आणि आता ते बहिणीच्या तोंडून बाहेर आलं. ‘आवाज येतोय आतून,’ तो म्हणाला. ‘आवाज येतो तोवर जिवंत आहे.’

आनेझोने दाराला कान लावला. मग ती मागे सरली, काळा रुमाल तिने डोक्यावर नीट ओढून घेतला, आणि भावाकडे न बघता निघून गेली. डॉक्टर आला नाही.

चौथ्या दिवशी लिनार्दोसचा धीर सुटला. आतून सकाळपासून काहीच ऐकू येत नव्हतं. तो उठला आणि तडक कारखान्यात गेला. पाठ हातभर फुगली होती असं नाही, दोन बोटांपेक्षा जास्त नसेल. पण पेन्सिलीच्या फुल्या एकमेकींपासून दूर सरकल्या होत्या, आणि दोन फऱ्यांच्या मध्ये, जिथे त्याने असं काही कधी कोरलं नव्हतं, तिथे वरून खालपर्यंत एक सरळ बारीक रेघ पडली होती. बाकावर कानस होती. एक दुपार पुरली असती. संध्याकाळी फ्रोसोने दार उघडलं असतं, भांडी घासली असती, जेवायला वाढू का म्हणून विचारलं असतं. आणखी वीस वर्षं, तो असेपर्यंत, रोज विचारलं असतं.

त्याने कानस हातात घेतली. तिची लाकडी मूठ त्याच्या तळव्याला इतकी ओळखीची होती की त्याला रडू कोसळलं. तो तसाच रडत उभा राहिला आणि मग ती त्याने खिडकीतून खाली दरीत फेकून दिली, आणि पळत घरी आला.

आतून काही ऐकू येत नव्हतंच. त्याने पाव आणि पाणी ताटलीत घेतलं आणि दार हलकेच ढकललं. ते वीतभर उघडलं.

खिडकी सताड उघडी होती आणि दुपारचं ऊन आत आलं होतं. फ्रोसो त्याच्याकडे पाठ करून उन्हात उभी होती. कपडे जमिनीवर पडले होते. त्या पाठीचं एकेक माप लिनार्दोसला तोंडपाठ होतं, कुठे किती खोल, कुठे किती वर. तिथे पाठ नव्हती. मधली रेघ उकलली होती, आणि दोन्ही बाजू सावकाश वर उचलल्या जात होत्या, आणि त्यांच्यामधून ऊन आरपार येऊन फरशीवर पडलं होतं.

पापणी लवते न लवते एवढाच वेळ. मग त्याने ताटली उंबऱ्याशी ठेवली, कडी धरली आणि दार आपल्याच हाताने ओढून घेतलं. तो खुर्चीत न बसता जमिनीवर बसला, दाराला पाठ लावून.

८

नवव्या दिवशी पहाटेच वारा सुटला. खिडक्यांची दारं आपटायला लागली, बंदरात होड्या एकमेकींवर आदळू लागल्या. लिनार्दोस चुलीपाशी उभा राहून हात शेकत होता तेव्हा मागे दाराची कडी वाजली.

ती बाहेर आली. चेहरा फ्रोसोचा होता, निळा झगा फ्रोसोचा होता. ती सरळ उभी होती आणि तिच्या अंगावर कुठेही काही खूण नव्हती. तिने स्वयंपाकघर पाहिलं, फळीवरचे वाडगे पाहिले, दिवंगत आईचा फोटो पाहिला. ऐकून माहीत असलेल्या घरी पहिल्यांदा यावं तसं तिने ते सगळं पाहिलं. मग तिने लिनार्दोसकडे पाहिलं आणि ती हसली. ते हसणं मनापासूनचं होतं, आणि त्याने ते आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं.

त्याला खूप काही विचारायचं होतं. तू कोण, हे सगळ्यात आधी. माझी मुलगी आत राहिली की तीच ही. पण ती वाऱ्याने थरथरणाऱ्या खिडकीशी उभी होती, जिवंत होती, आणि तिला थंडी वाजत असावी.

त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली, कॉफीचं लहान भांडं उतरवलं, पाणी घातलं, पूड घातली. आमच्याकडे साखर कॉफीबरोबरच उकळतात, मागाहून घालत नाहीत. म्हणून ती आधीच विचारावी लागते. घरच्या माणसाला कुणी विचारत नाही, पाहुण्याला विचारतात. फ्रोसोची कॉफी लिनार्दोसने पंधरा वर्षं केली होती.

त्याने चमचा हातात धरला आणि वळून तिच्याकडे पाहिलं.

‘साखर किती घालू?’

ती विचारात पडली. प्रश्न चांगला आहे असं तिला वाटलं असावं.

‘अजून माहीत नाही,’ ती म्हणाली. ‘थोडी घाला. चव घेऊन सांगते.’

लिनार्दोसने एक चमचा साखर घातली, भांडं निखाऱ्यावर ठेवलं आणि ते उकळायची वाट बघत उभा राहिला.